एकेचाळीस पावलं

१

सोमवारी सकाळी आमच्याकडे फायली वाटतात. प्रत्येकाच्या टेबलावर आपापला गठ्ठा येऊन पडतो आणि मग अकराच्या चहापर्यंत कुणी कुणाशी बोलत नाही. मी मोजणीदार आहे. तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, बांधावरून भांडणाऱ्या भावाभावांच्या शिव्या खाल्ल्या, आणि निवृत्तीला चार वर्षं उरली असताना या कार्यालयात आलो. इथे शिव्या द्यायला कुणी नाही. ज्यांना आम्ही शोधतो ती माणसं बहात्तर वर्षांपूर्वीच्या युद्धात मेलेली आहेत.

काम सरळ आहे. लढाईच्या धामधुमीत सैनिक जिथे पडला तिथेच जवळपास त्याला पुरत. दफन तुकडीचा प्रमुख एका चिठ्ठीवर लिहून ठेवी: अमुक घराच्या कोपऱ्यापासून तमुक झाडाकडे इतकी पावलं, मग उजवीकडे इतकी. ती चिठ्ठी मी आजच्या नकाशावर उतरवतो, तांबडी फुली मारतो, आणि मुकादमाची माणसं तिथे खणतात. पावलांचे मीटर करायचा तक्ता माझ्या समोरच्या भिंतीवर टांगलेला आहे. एक पाऊल म्हणजे पाऊण मीटर. माझ्या आधीच्या मोजणीदाराने तोच तक्ता वापरला, त्याच्या आधीच्यानेही तोच. पावलांनी मोजणाऱ्या माणसांबद्दल मला पहिल्यापासून आकस आहे. साखळी नसेल तर निदान दोरी तरी घ्यावी.

त्या सोमवारी गठ्ठ्यात सगळ्यात वर एका आजींच्या दादाची फाईल होती. फाईल जाडजूड होती, कारण त्याच्यासाठी तीनदा खणून झालं होतं आणि तिन्ही वेळा मातीशिवाय काही मिळालं नव्हतं. पहिल्या पानावर मूळ चिठ्ठी: 'पडक्या गिरणीच्या कोपऱ्यापासून पुलाच्या कमानीकडे तोंड करून २१२ पावलं. तिथून उजवीकडे ४१ पावलं. खूण: लाकडी खुंटी.' अक्षर मोत्यासारखं होतं. सहीच्या जागी नुसती एक वेलांटी. नाव कळायला मार्ग नव्हता, म्हणून मी त्या लिहिणाऱ्याला मनातल्या मनात मोत्या म्हणायला लागलो.

"कुत्र्याचं नाव ठेवताय मेलेल्या माणसाला," आमच्या टायपिस्टबाई म्हणाल्या. आम्ही दोघं एकाच खोलीत बसतो.

दुपारी आजी स्वतःच आल्या. एक्याऐंशी वर्षांच्या, हातात काठी, आणि काठी असूनही खुर्चीचा आधार घेणाऱ्या.

"तुम्ही नवे का?"

"आठ महिने झाले मला."

"मग नवेच. तुमच्या आधीच्यांना मी सात वर्षं छळलंय." त्या बसल्या, पदराने घाम पुसला आणि म्हणाल्या, "आमची आई जाताना मला सांगून गेली, घर सोडू नकोस. दादा आला तर दार उघडायला कुणीतरी हवं. म्हणून लग्नानंतरही मी तिथेच राहिले. नवऱ्याला घरजावई केला बिचाऱ्याला. आता मुलगी बोलावतेय. गेल्या हिवाळ्यात मी न्हाणीघरात पडले, दोन तास तशीच होते."

"मग जा ना, आजी."

"मला कळतं हो. एकोणीस वर्षांचा गेला, तो आता काय यायचाय! पण कळणं वेगळं आणि कुलूप लावणं वेगळं. तो कुठे आहे ते कुणी दाखवलं, तर मी त्या दिवशी घर सोडीन. नाही दाखवलं, तर तिथेच मरेन एक दिवस, आणि पोरीला ते जन्मभर बोचत राहील."

साहेबांनी फाईलवर लिहून दिलं होतं: महिनाअखेर शेवटचं खोदकाम, मग प्रकरण बंद. आजींना ते ठाऊक होतं. मला ते ठाऊक नसल्यासारखा चेहरा करणं काही जमलं नाही.

२

मंगळवारी चहा झाल्यावर बाई टपाल द्यायला बाहेर गेल्या. मी नकाशा उलगडला. अकरा वाजून वीस मिनिटांनी वरच्या मजल्यावर कुणीतरी चालायला लागलं.

आमची इमारत जुनी आहे. माझी खोली म्हणजे तळमजल्यावरचा एक लांबोडका हॉल, वर लाकडी तक्तपोशी. तिच्यावर तेवढाच दुसरा हॉल आहे, त्यात मोडक्या खुर्च्या आणि गळक्या छपराचं पाणी झेलायला ठेवलेल्या बादल्या. त्याला कुलूप असतं. वर कुणी चाललं की खाली लाकूड करकरतं, हे मला माहीत होतं. नवीन होती ती चाल. एक पाऊल पूर्ण पडायचं आणि दुसरं ओढत यायचं. ठप्, घस्स. ठप्, घस्स. दाराकडच्या भिंतीपासून ती निघाली आणि माझ्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे गेली. घाई नव्हती, पण कुठे थांबणंही नव्हतं.

मी मोजली. मी काहीही मोजतो. जिन्याच्या पायऱ्या मोजतो, न्हाव्याच्या कात्रीचे आवाज मोजतो. एकेचाळिसाव्या पावलाला चाल थांबली. मग कुणीतरी लाकडावर लाकूड ठोकल्यासारखे तीन आवाज झाले, आणि शांतता.

बाई परत आल्यावर मी विचारलं, "वर कोण असतं हो या वेळी?"

"उंदीर असतात."

"एक पाय ओढणारा उंदीर?"

"म्हातारा असेल," त्या म्हणाल्या आणि टाईपरायटरवर कागद चढवला.

मी स्वतःलाही तेच समजावलं. सोमवारी फाईलमध्ये एकेचाळीस आकडा वाचला, तो डोक्यात बसला आणि कानात वाजला. माणसाचं डोकं असल्या गमती करतं. पण बुधवारी अकरा वीसला ती चाल पुन्हा आली. या वेळी मी पेन्सिलीने कागदावर रेघा मारत गेलो, म्हणजे नंतर डोक्याला दोष द्यायला नको. एकेचाळीस रेघा झाल्या आणि मग तीन ठोके.

रेघा मारता मारताच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आवाज परत फिरत नव्हता. तो दाराकडून निघून एकाच दिशेने जात होता. विसाव्या पावलाला तो समोरच्या भिंतीशी पोचला होता. पुढची एकवीस पावलं भिंतीच्या पलीकडे पडली होती, आणि त्या भिंतीच्या पलीकडे इमारतच नाही.

३

गुरुवारी मी सव्वाअकराला मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. तिथे सायकली लावतात. लख्ख ऊन होतं. शेजारच्या छापखान्यातलं यंत्र चालू होतं, कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. असल्या ठिकाणी कुणाला भीती वाटत नाही, म्हणून तर मी तिथे गेलो होतो.

भिंतीच्या आतून ती चाल येताना ऐकू आली. बारीक, तक्तपोशीतून गाळून आल्यासारखी. अठरा, एकोणीस, वीस. मी वर बघत होतो. तिथे भिंत होती, भिंतीवर एक गंजलेला पाइप होता, आणि त्याच्यापुढे निळं आभाळ.

एकविसावं पाऊल माझ्या डोक्यावर पडलं. लाकडावर नव्हे, मातीवर. ओल्या मातीत बूट रुततो आणि सुटतो तसा आवाज. माझ्यापासून पुरुषभर उंचीवर, रिकाम्या हवेत, कुणीतरी एक पाय ओढत माझ्यावरून चालत गेलं. मी सायकलीचं हँडल इतकं घट्ट धरलं की घंटी वाजली. एकेचाळीस झाली, तीन ठोके पडले. छापखान्यातलं यंत्र चालूच होतं.

खोलीत येऊन मी पाणी प्यायलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, एकदम उठल्या आणि आपली खुर्ची मला दिली. आठ महिन्यांत असं पहिल्यांदाच झालं.

४

आमच्या इमारतीच्या चाव्या ज्याच्याकडे असतात त्याला सगळे जुडगा म्हणतात. शुक्रवारी अकरालाच मी त्याला गाठलं आणि वरचा हॉल उघडायला लावला.

"काय हवंय वरून?"

"खुर्ची."

"तिथली खुर्ची बसायच्या लायकीची असती तर वर गेली असती का?" असं म्हणत त्याने कुलूप काढलं.

जमिनीवर धूळ होती, बोटभर जाड. तिच्यावर एकही ठसा नव्हता. उंदराचाही नाही. मी दारात उभं राहून टेप काढली, जुडग्याच्या हातात एक टोक दिलं आणि हॉलची लांबी घेतली. अकरा मीटर चाळीस. का घेतली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. घाबरलेला माणूस देवाचं नाव घेतो, मी माप घेतो.

अकरा वीस झाले. आम्ही दोघं वरच होतो. मी समोरच्या धुळीवर डोळे लावून होतो. ती हलली नाही. चाल सुरू झाली ती आमच्या पायांखाली, खाली, माझ्या खोलीत. ठप्, घस्स. ती बाईंच्या टेबलाच्या अंगाने गेली, माझ्या टेबलाच्या अंगाने गेली. माझ्या खुर्चीपाशी, खरं सांगतो, ती अर्धा क्षण थबकली. मग पुढे निघाली.

"ऐकलंस?" मी विचारलं.

जुडग्याने चाव्या खिशात टाकल्या, म्हणजे त्या वाजू नयेत. "मी काही ऐकत नाही, मोजणीदार. तीस वर्षं चाव्या सांभाळतोय. न ऐकणं हे अर्धं काम आहे त्यातलं."

खाली आलो तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. माझ्या टेबलावर मी नकाशा बंद करून ठेवला होता, तो बंदच होता. काहीच हललेलं नव्हतं. काहीतरी हललेलं असतं तर बरं वाटलं असतं, असा विचार मनात आला आणि माझाच मला राग आला.

५

रविवारी मी घरी होतो. स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेरच्या खोलीत आलो, तर बायको माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"पाय का ओढताय?"

"कोण ओढतंय?"

"तुम्ही. डावा. दोन दिवस बघतेय. मला वाटलं, मुद्दाम करताय, बाजारात जायला नको म्हणून."

मी खोलीत एक फेरी मारली. तिचं खरं होतं. दुखत नव्हता, पण डावा गुडघा पुरता वाकत नव्हता. पाऊल उचलायच्या ऐवजी फरशीवरून घसटत येत होतं. ठप्, घस्स. माझ्याच घरात, माझ्याच पायाने.

आता खरं सांगायला हरकत नाही, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. अंगणातलं ऐकणं एक वेळ कानाचा भास म्हणता आलं असतं. हा पाय तर माझा होता. मी बायकोला काही बोललो नाही. सोमवारी सकाळी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी गुडघा दाबला, वाकवला, फोटो काढला आणि म्हणाले, तुमचा गुडघा विशीतल्या पोराचा वाटतो. त्यांनी ते कौतुकाने म्हटलं होतं. मला मात्र घामच फुटला.

घरी येताना बसमध्ये बसल्या बसल्या मी हिशेब मांडायला लागलो, कारण भीती आवरायला माझ्याकडे दुसरं काही नाही. हॉल अकरा मीटर चाळीस. तक्त्याप्रमाणे पाऊण मीटरचं पाऊल धरलं तर भिंतीपर्यंत पंधरा पावलं व्हायला हवीत. ती वीस होत होती. रोज वीस. अकरा चाळीसला विसाने भागलं की सत्तावन्न सेंटिमीटर येतात. म्हणजे जो कुणी चालत होता त्याचं पाऊल पाऊण मीटरचं नव्हतंच. पाय ओढणाऱ्याचं पाऊल तेवढं कसं असेल?

माझा स्टॉप मागे गेला. पुढच्या स्टॉपवर उतरून मी तसाच ऑफिसात गेलो.

६

मोत्याच्या सगळ्या चिठ्ठ्या आम्ही दोघांनी काढल्या, बाईंनी आणि मी. बाईंना मी चालीबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की, या माणसाचं पाऊल मला तपासायचंय. त्या म्हणाल्या, "बहात्तर वर्षांनी?" आणि बाह्या सरसावून कामाला लागल्या.

मोत्यासारखं अक्षर लपत नाही. एकूण सव्वीस चिठ्ठ्या निघाल्या. पहिल्या चौदांवर आमच्या ऑफिसचा 'सापडला' असा शिक्का होता, चौदाच्या चौदांवर. पुढच्या बारांत एकावरही तो नव्हता. 'नोंद चुकीची', 'नोंद चुकीची', असं आमच्याच आधीच्या माणसांनी ओळीने लिहून ठेवलं होतं. चौदाव्या आणि पंधराव्या चिठ्ठीच्या तारखांमध्ये पाच आठवड्यांचं अंतर होतं.

"रजेवर गेला असेल," बाई म्हणाल्या.

"लढाईत?"

त्यांनी इस्पितळाच्या याद्यांचं खोकं आणलं. तासभर त्या बोट फिरवत बसल्या. मग बोट थांबलं. 'दफन तुकडीचा प्रमुख. डावा गुडघा. पाच आठवडे. कामावर हजर.'

माझ्या डोळ्यांसमोर तो माणूस उभा राहिला. मोडक्या गुडघ्याने परत आला, आणि पुन्हा पहिल्यासारखी पावलं मोजून, पहिल्यासारख्याच सुंदर अक्षरात लिहायला लागला. त्याने एकही पाऊल चुकीचं मोजलं नव्हतं. त्याचं पाऊल आखूड झालंय हे चिठ्ठीवर लिहायचं त्याला सुचलं नाही, आणि तक्ता लावताना विचारायचं आम्हाला सुचलं नाही. बारा माणसं त्यामुळे हरवली होती. मी त्याला कुत्र्याचं नाव ठेवलं होतं याची मला खरोखर लाज वाटली.

मंगळवारी साहेबांपुढे उभा राहिलो. सत्तावन्न सेंटिमीटर कुठून आले हे विचारलं तर काय सांगायचं, याची रात्रभर धास्ती होती. पण बाईंनी माझ्या आधी तोंड उघडलं.

"साहेब, सहा वर्षांपूर्वी शाळेजवळ गटाराचा पाइप टाकताना एक सैनिक सापडला होता. या बारांतलाच, योगायोगाने मिळाला म्हणून चिठ्ठीवर शिक्का नाही. चिठ्ठीत शाळेच्या फाटकापासून एकशे साठ पावलं आहेत. तक्त्याप्रमाणे एकशे वीस मीटर. सापडला एक्क्याण्णव मीटरवर. करा भागाकार."

साहेबांनी भागाकार केला. मग चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा केला.

"सत्तावन्न," ते म्हणाले. "मग आजपर्यंत आपण काय करत होतो?"

"तक्ता बघत होतो," मी म्हणालो.

७

शनिवारी सकाळी नऊ वाजता आम्ही त्या माळावर पोचलो. पडक्या गिरणीचा पाया अजून शिल्लक आहे, पुलाची कमानही. मुकादमाची माणसं फावडी टेकून उभी होती. त्यांचा चौथ्या खेपेवर विश्वास नव्हता, आणि ते लपवायचा त्रासही कुणी घेत नव्हतं.

"टेप धरू का?" मुकादमाने विचारलं.

"आधी चालून बघतो. टेप मागून."

"तुम्ही? पावलांनी?" तो हसला. माझी मतं त्याला पाठ होती.

गिरणीच्या कोपऱ्याला पाठ लावून मी कमानीकडे तोंड केलं आणि निघालो. पाय कसा टाकायचा याचा विचार करावा लागला नाही. डावा आपणहून ओढला जात होता. दहा-बारा पावलांनंतर मला कळलं की गवतात दोन आवाज आहेत. एक माझा, आणि एक माझ्या डाव्या हाताला, माझ्याबरोबरीने. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर मोजणी गेली असती, आणि माझ्या मनात त्या क्षणी न्हाणीघरात दोन तास पडून राहिलेली म्हातारी होती. एकशे नव्वद. दोनशे. मी मोठ्याने मोजायला लागलो. मोजताना एकदा श्वास घ्यायला थांबलो, तरी आकडा चुकला नाही. तो मध्ये कुणी म्हटला, ते मी सांगू शकणार नाही.

दोनशे बाराला मी उजवीकडे वळलो. आता ऊन उजव्या अंगाला आलं. माझी सावली डावीकडे गवतावर लांब, आडवी पडायला हवी होती. मी मान न वळवता नजर फक्त तिरकी केली. सावली पायापासून हातभर गवतावर पडली होती. तिथून पुढे ती उभी झाली होती. शेजारी कुणी चालत असलं की आपली सावली त्याच्या अंगावर चढते, तशी ती कशावर तरी चढली होती. त्यावर खांद्याची गोलाई होती, बाहीच्या चुण्या होत्या. पण पलीकडचा माळ मला त्यातून दिसत होता.

मी पुढे बघितलं. अडतीस. एकोणचाळीस. भीती होती, पण तिच्याशेजारी आता दुसरंही काहीतरी होतं. हा माणूस मला काही करायला आलेला नाही, हे मला त्याच्या चालीवरून समजलं. कामावरचा माणूस कसा चालतो हे मी ओळखतो. एकेचाळीस. मी थांबलो आणि तोही थांबला. माझ्या बुटापासून वीतभर पुढे गवत तीनदा हादरलं.

तिथे मी झेंडी रोवली. मग डावीकडे पाहिलं. माझी सावली सरळ जमिनीवर पडली होती. आभार मानायचे होते, ते राहून गेले.

मुकादमाने मागून टेप लावली. एकशे एकवीस मीटर, मग तेवीस मीटर चाळीस. "तीन वेळा याच्या पलीकडे अडतीस मीटरवर खणत होतो आपण," तो म्हणाला. "डबे मात्र इथेच बसून खाल्ले."

दुपारी पावणेदोनला त्याने हात वर केला. आधी खुंटीचा कुजका तुकडा निघाला होता. आता बुटांचे खिळे दिसले, मग गळ्यातली नंबराची चकती. त्याने ती पाण्याने धुतली आणि माझ्या हातात दिली. माझ्याकडच्या कागदावरचाच नंबर होता. एकेकाने डोक्यावरची टोपी काढली.

आजींना मीच फोन केला. "आजी, दादा सापडले."

पलीकडे काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

"थंडी आहे का हो तिथे?" त्यांनी विचारलं.

"नाही, आजी. छान ऊन आहे."

८

सोमवारी उठलो तेव्हा गुडघा पूर्ववत झाला होता. बायकोने मला बाजारात पाठवून खात्री करून घेतली.

भिंतीवरचा तक्ता साहेबांनी उतरवला. अकरा वीसला मी टेबलाशी बसलो होतो. बाईही बसल्या होत्या. त्या दिवशी त्या टपाल द्यायला गेल्याच नाहीत. चाल आली. ठप्, घस्स. मी पेन्सिल घेतली आणि मोजायला लागलो, आणि एकेचाळीसच्या पुढेही मोजत राहिलो. सदुसष्टला तीन ठोके पडले. बाईंनी काही न विचारता उरलेल्या दहा चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. सदुसष्ट पावलांची चिठ्ठी वरून चौथी होती.

"मोतीराव आज वेळेवर आले," त्या म्हणाल्या. त्यांना ऐकू येतं का, हे मी अजून विचारलेलं नाही.

दोन महिन्यांनी दादांना सैनिकांच्या दफनभूमीत ठेवलं. आजी मुलीबरोबर आल्या होत्या. नवीन चपला, नवीन शाल. मला म्हणाल्या, सामान गाडीतच आहे, इथून परस्पर मुलीकडे. घराला आज सकाळी कुलूप लावलं. दोनदा ओढून बघितलं.

सगळे बाजूला झाल्यावर त्या दगडापाशी गेल्या. वाकणं जमेना, तेव्हा मुलीने खुर्ची आणून दिली. त्यांनी दगडावर हात ठेवला, काल भेटलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा. मी चार पावलं मागे होतो, ऐकायचं नव्हतं, पण ऐकू येत होतं.

"दादा, आता जुन्या घरी जाऊ नकोस. तिथे कुणी नाही," आजी म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी एक कागद काढला आणि चष्मा लावून सावकाश वाचायला लागल्या. "नीट ऐक. स्टेशनातून बाहेर पडलं की उजवीकडे. दवाखान्याच्या मागची गल्ली. पिवळी इमारत आहे, खाली चष्म्याचं दुकान. बेल बिघडलेली आहे, जावई दुरुस्त करतो करतो म्हणतोय. दार वाजव. मी असते."

त्यांनी कागदाची घडी घातली. मुलगी डोळे पुसत पुढे आली.

"आई, मजला सांगायचा राहिला."

"हो, विसरलेच." आजी पुन्हा दगडाकडे वळल्या. "दुसरा मजला. जिना आहे, दादा. सावकाश ये."